शिदूच्या बायकांची डोकेदुखी

चेंगदू, ६ मार्च १९८६

मामा, नमस्कार.

तुम्ही नववर्षाला पाठवलेलं वाळवलेलं मांस पोचलं. आईने अर्धं शेजारी वाटलं आणि उरलेल्या अर्ध्यावरून ती बाबांशी भांडली. म्हणजे घरी सगळं ठीक आहे.

पत्राचं कारण वेगळंच आहे. आमच्या संस्थेने अर्धशिशीवरच्या सुईच्या उपचाराचा अभ्यास हाती घेतलाय आणि गू सरांनी तो माझ्यावर सोपवलाय. नीट पार पडला तर डोकेदुखीचा वेगळा विभाग निघेल आणि मी सुईच्या कामावर कायम होईन. पार पडला नाही तर काय, ते मी सध्या मनात आणत नाही.

शहराच्या पूर्वेला कापडगिरणी आहे, तिच्या दवाखान्यात मला एक खोली मिळालीये. कताईखात्यात इतका आवाज असतो की बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. तिथे डोकं न दुखणारी बाई शोधावी लागेल. पण नाव द्यायला एकही तयार नाही. ‘संस्था’ म्हटलं की त्यांना वाटतं रक्त काढणार. त्यांतल्या पुष्कळ जणी आपल्या शिदूच्या आहेत, आणि गिरणीची सुट्टी गुरुवारी असते म्हणून त्या दिवशी बसने गावी येतात. तुम्ही शब्द टाकलात तर त्या येतील.

एकच अट आहे. मी तिथे नेमकं काय करते ते अभ्यास संपेपर्यंत विचारायचं नाही. तसा नियमच आहे. तुम्हाला खोदून विचारायची सवय आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गू सर म्हणतात, आपण हजारो वर्षं सुया टोचल्या, पण न टोचता किती जण बरे झाले असते ते कुणी मोजलं नाही. मला तर हे ऐकल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये.

तुमची,
रोंग


शिदू, १५ मार्च

रोंग, आशीर्वाद.

मांसावरून भांडण झालं, म्हणजे ते चांगलं मुरलं होतं. पुढच्या वर्षी दोन तुकडे पाठवतो, सोयीने भांडा.

तुझं काम झालं. गुरुवारी बस आल्यावर मी चहाच्या दुकानात बसून राहिलो. कताईखात्यातली लियाओ श्यांगझेन आली की बाकीच्या येतात, हे मला ठाऊक आहे.

“तुमची भाची?” ती म्हणाली. “आमची चप्पल विहिरीत टाकायची ती?”

“तीच. आता डॉक्टर आहे.”

“रक्त काढणार?”

“नाही. सुया टोचणार. तुम्हाला माझ्या सुया चालतात, मग तिच्या का नाही?”

“चालतील की. पण आमच्या चपला आम्ही हातात धरून ठेवू.”

सगळ्या हसल्या आणि तिथेच ठरलं. आता ऐक. श्यांगझेनचं डोकं उजव्या कानावरून सुरू होतं आणि डोळ्यात उतरतं. उजेड नको होतो, ओकारी येते, आणि त्या दिवशी तिच्याकडून हटकून धागा तुटतो. मुकादम नोंद करतो. तुटलेल्या धाग्यांमुळे तिला एकदा गोदामाच्या कामावर टाकली होती, पुन्हा टाकतील ही तिला धास्ती आहे. तेव्हा तिच्याकडे नीट लक्ष दे. प्रत्येकीला आधी कुठे दुखतं ते विचार. कपाळाचं दुखणं, कानशिलाचं, मानेचं आणि टाळूचं ही चार वेगळी दुखणी आहेत, प्रत्येकाची अंगातून जाणारी वाट वेगळी, म्हणून सुईची जागाही वेगळी. संस्थेत हे विसरायला शिकवत असतील तर सांग.

तू काय करतेस ते विचारत नाही. त्यात लपवण्यासारखं काय आहे तेही विचारत नाही. सुई ती सुई.

मामा


शिदू, २ मे

रोंग, आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, कामात असशील.

एक सुचवतो, राग मानू नकोस. जाड्याभरड्या कागदाच्या घड्या घालून त्या दोऱ्याने घट्ट बांधाव्यात आणि रोज सकाळी चहाच्या आधी त्यात सुई आत घालून फिरवत बसावं. पहिल्या वर्षी आमच्या गुरूंनी आम्हाला दुसरं काही करूच दिलं नाही. बोटांतला जोर बोटांतून येत नाही, पोटातून येतो. श्वास रोखलास की सुई वाकते.

सुई आत गेली आणि माणूस गप्पच राहिला, तर ती सुई नव्हे, डास. त्याने “आई गं” म्हटलं पाहिजे, पाय आखडला पाहिजे, तुला शिवी दिली तरी चालेल. आत जड वाटलं पाहिजे, आंबून आल्यासारखं, तिरफळ चावल्यावर जिभेला होतं तसं. यालाच आपण ‘ची आली’ म्हणतो. तुला हे ठाऊक आहे. तरी लिहिलं.

मामी म्हणते, तू वाळली असशील.

मामा


चेंगदू, ११ मे

मामा,

कागदाच्या घड्या? मी विद्यापीठात पाच वर्षं काढली, त्यानंतर वॉर्डात. कुणी काही बोललंय का तुम्हाला? बोललं असेल तर सरळ सांगा. असं आडून कळलं की मला जास्त लागतं.

इकडे तर बायका माझ्यावर खूश आहेत. दर सोमवारी कामाची पाळी सुटली की रांगेने येतात. मी विचारते, “कसं आहे डोकं?” उत्तर ठरलेलं, “पुष्कळ बरं, डॉक्टर, पुष्कळ बरं.” श्यांगझेनबाई दर वेळी सूर्यफुलाच्या बिया घेऊन येतात आणि माझ्या खिशात कोंबतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून एकदाही धागा तुटला नाही. मुकादम स्वतः दवाखान्यात येऊन म्हणाला, “डॉक्टरबाई, माझंही डोकं दुखतं, पण या बायकांमुळे. त्यावर काही आहे का?”

मला एक कोडं मात्र पडलंय. ज्या बायकांना इतक्यात बरं वाटू नये असं माझं गणित होतं, त्यांनाही बरं वाटतंय. का ते तुम्हाला सांगता येत नाही, पण मी दर सोमवारी त्यांच्याकडे बघते आणि चक्रावते.

मामीला सांगा, वाळले नाही. सूर्यफुलाच्या बियांनी वजन वाढतं.

रोंग


शिदू, ३ जून

रोंग, आशीर्वाद.

कुणी काही बोललं नाही. वय झालं की तोंडातून सल्ले गळतात. तू पुसून टाक.

सोमवार म्हणालीस, ते बरं झालं. मला वाटलं होतं तू बुधवारी टोचतेस. दोन सुयांच्या मध्ये निदान दोन दिवस जाऊ द्यावेत, नाही तर अंग थकतं. सोमवारनंतर गुरुवार म्हणजे छान अंतर झालं. मी आपलं उदाहरणादाखल म्हणतो.

यंदा छुआनश्योंगचं पीक चांगलं आलं. सगळ्या गावाला त्या मुळीचा वास आहे. वाळली की थोडी पाठवतो. चहात टाकलीस तर तुझं स्वतःचं डोकं शांत राहील.

मामा


चेंगदू, २० ऑगस्ट

मामा,

अभ्यास संपला. आता सांगायला हरकत नाही, आणि तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं.

बायकांचे दोन गट होते. बंद पाकिटातली चिठ्ठी उघडायची, निघेल तो गट. एका गटाला खरी सुई, म्हणजे कानामागच्या खळगीत, कानशिलावर, अंगठ्याच्या बेचक्यात, पावलावर, आणि ची येईपर्यंत फिरवायची. दुसऱ्या गटाला खोटी. सुई तीच, पण बाजूला, जिथे काहीच नाही अशा जागी, जेमतेम कातडीखाली. फिरवायची नाही. ची येऊ द्यायची नाही. मामा, तुम्ही मला कागदाच्या घड्या बांधायला सांगत होतात तेव्हा मी दर सोमवारी मन लावून वाईट सुई टोचत होते. चांगलं टोचायला शिकण्यापेक्षा ते अवघड आहे. हात आपोआप खऱ्या जागेकडे जातो, त्याला ओढून आणावं लागतं.

आता निकाल. दोन्ही गट सारखेच बरे झाले. डोकेदुखीचे दिवस इकडे जेवढे कमी झाले, तेवढेच तिकडे. मी पुन्हापुन्हा बेरीज केली. आकडे हलत नाहीत.

म्हणजे सुई कुठेही टोचली, कशीही टोचली, तरी चालतं. खळग्या, वाटा, ची, तुमच्या गुरूंचं ते पोटातून टोचणं, कशालाच अर्थ नाही. गू सर म्हणाले, “असं आहे तर असंच सांगायचं.” ऑक्टोबरच्या सभेत ते मांडणार आहेत. डोकेदुखीचा विभाग अर्थातच निघणार नाही.

मी औषधांच्या प्रयोगशाळेत बदली मागितलीये. तिथे छुआनश्योंगच्या मुळीचं काम चालतं. उंदरांना मुळी देतात. उंदीर निदान “पुष्कळ बरं, डॉक्टर” म्हणत नाहीत. सुई पुन्हा हातात धरेन असं वाटत नाही.

तुम्ही रागावला नाहीत तर एक विचारायचंय. तुम्हाला कधी शंका आली होती का?

रोंग


शिदू, २५ ऑगस्ट

रोंग,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता तुम्ही लिहा, नाही तर मी लिहिते.” म्हणून लिहितो आहे.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी श्यांगझेन आमच्या दारात येऊन उभी राहिली.

“थान डॉक्टर, तुमची भाची फार गोड आहे.”

“काय झालं?”

“काही नाही. फार गोड.”

“श्यांगझेन, आत ये आणि बस.”

बसली. मामीने चहा दिला, तो तिने संपवला. मग म्हणाली, “तिचा हात पोचत नाही हो. सुई आत गेली की बाहेर राहिली तेच कळत नाही. आम्ही तिला काही बोललो नाही. पोरगी घाम गाळत टोचते, वरून विचारते, बरं वाटतं का. नाही कसं म्हणायचं? शिवाय तुमची भाची. तेव्हा असं करा, तिचं राहिलेलं तुम्ही पुरं करा. नाव तिचंच होऊ दे.”

मी तिथेच तिला टोचलं. पुढच्या गुरुवारी तिची नणंद आली. मग श्वे बहिणी दोघी, मग रंगखात्यातली हू, मग आणखी. दर गुरुवारी माझ्या ओसरीत गिरणीचा एक तुकडा बसलेला असे. मला वाईट वाटत होतं ते तुझ्या हाताचं. वाटलं, हळूहळू सुधारेल, तोवर आपण सांभाळून घेऊ. कुणाला कळायचं कारण नाही.

आता माझं ऐक. आजारी बाईच्या अंगात जाणूनबुजून चुकीच्या जागी सुई! मी ते वाचून चहाचा कप ठेवून उठलो आणि अंगणात फिरलो. असं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विचारू नका म्हणालीस, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एक मात्र मला उमगत नाही. शिदूच्या सगळ्याच तुझ्याकडे होत्या, पण माझ्याकडे निम्म्याच आल्या. बाकीच्या बसमधून उतरल्या की सरळ घरी. परवा त्यांतली एक, डोंग शिऊयिंग, भाजी घेताना भेटली. म्हटलं, माझ्या भाचीचा हात कसा आहे? तर म्हणाली, “रोंग डॉक्टरचा? अगं बाई! बैलाचा हात आहे. पाय टाचेपर्यंत बधिर होतो.”

हे कसं काय?

मामा


चेंगदू, १ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र हातात घेऊन मी कपाटातली पाकिटं काढली आणि एकेक नाव पडताळलं. श्यांगझेनबाई खोट्या. त्यांची नणंद खोटी. श्वे बहिणी दोघी खोट्या. हू खोटी. तुमच्याकडे आलेली प्रत्येक बाई खोट्या सुईच्या गटातली आहे, आणि खऱ्या गटातली एकही आलेली नाही. शिऊयिंग खरी.

चिठ्ठ्या माझ्याशिवाय कुणी पाहिल्या नव्हत्या. गू सरांनीसुद्धा नाही. पण बायकांनी मला न विचारता स्वतःची विभागणी करून घेतली होती. शहरातल्या बायकांना कदाचित कळलं नसतं. शिदूच्या बायका लहानपणापासून तुमच्या हाताखालून गेल्यात, ची येते म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा आधी ठाऊक आहे. त्यांना फसवायला मी निघाले होते!

आम्ही दर आठवड्याला विचारत होतो, “दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात गेलात का?” त्या म्हणत, नाही. खरंच होतं. तुमची ओसरी काही रुग्णालय नव्हे.

मी गू सरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. आम्ही दोघांनी मिळून तुमच्याकडे आलेल्यांची नावं बाजूला काढून पाहिली. उरलेल्या खोट्या सुईवाल्या जवळपास होत्या तशाच आहेत. खऱ्या सुईवाल्या कितीतरी बऱ्या. मामा, आकडे एकदम उभे राहिले! तुमच्या खळग्या, वाटा, सगळं उभं राहिलं. एवढी नावं गाळली की विभाग निघतो, मी सुईवर राहते, आणि ऑक्टोबरमध्ये सगळे टाळ्या वाजवतात.

गू सर म्हणाले, “नियमाने गाळता येत नाहीत. पण अहवालावर नाव तुझं आहे. तू ठरव.”

मला मोह होतोय. तुम्हाला खोटं का सांगू. तुम्ही काय म्हणता?

रोंग


शिदू, ७ सप्टेंबर

रोंग,

‘गाळ’ एवढंच लिहून मी पाकीट चिकटवलं होतं. चाळीसेक वर्षांत कुणी माझ्या सुईला आकड्यांनी शाबासकी दिली नव्हती. ती गाळलेल्या नावांतून मिळत असली तर मिळू दे, असं मनात आलं. मग टपाल कार्यालयापर्यंत गेलो आणि परत आलो.

वाटेत मी त्या गुरुवारांचा विचार करत होतो. त्या यायच्या आणि आधी तासभर नुसत्या बसायच्या. मामी सोयाबीनच्या दुधाच्या मऊ डौह्वावर तिखटाचं तेल घालून वाट्या पुढे करायची. गिरणीचा आवाज नाही, बोलताना ओरडावं लागत नाही. मुकादमाला यथेच्छ शिव्या द्यायच्या. नकला करायच्या, श्वे बहिणींतली धाकटी तर त्याच्या चालण्याचीसुद्धा करते. डोळे पुसत हसायच्या. मग मी सुया काढायचो.

मी स्वतःला विचारलं, थान चिंगसोंग, यातलं त्यांना काय लागू पडलं? मला वाटतं, सुई. पण ‘मला वाटतं’ यावर तू अभ्यास लिहू शकत नाहीस. आणि बरं वाटतंय हे मला कुणी सांगितलं? त्यांनीच. त्या तुलाही तेच सांगत होत्या.

तेव्हा गाळू नकोस. आता हे सगळं मलाही जाणून घ्यायचं आहे, आणि खोटं कळण्यापेक्षा न कळलेलं बरं.

तू गुरुवारी ये. त्यांच्यासमोर बसून सांग. माझ्या तोंडून कळलं तर त्या मला माफ करतील, तुला नाही.

मामा


शिदू, २० सप्टेंबर

रोंग, आशीर्वाद.

तुझी बस वळणावर दिसेनाशी झाली आणि सगळ्या पुन्हा ओसरीत येऊन बसल्या. तू सांगत असताना श्यांगझेनचा चेहरा लाल झालेला तू पाहिलास. धाकटी श्वे रडली तेही पाहिलंस. पुढचं तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

पहिली फुटली ती हू. “चार महिने! चार महिने मी त्या खाटेवर जाऊन पडले, आणि ती मला बाजूला टोचत होती!”

“आणि तू तिला काय म्हणत होतीस?” शिऊयिंगने विचारलं.

“काय म्हणणार? पुष्कळ बरं.”

“मग फिटलं की.”

“तू बोलू नकोस. तुला खरी मिळाली!”

यावर इतका गलका झाला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. श्यांगझेनने वाटी संपवली, विहिरीवर जाऊन धुतली, आणून मामीच्या हातात दिली. मग म्हणाली, “मी तिच्या खिशात बिया कोंबत होते. वाटायचं, बिचारीला काही येत नाही, निदान खाऊ तरी मिळू दे. आणि ती लिहीत होती की माझं डोकं बरं झालं.” मी म्हटलं, आता ही उठून जाणार. तर म्हणाली, “थान डॉक्टर, तिला सांगा, पुन्हा कर. पण आधी सांगून कर. खोटी माझ्या वाट्याला आली तरी मी पडेन. मुकादम आठवडाभर खोटं बोलतो, त्यात तिचं आणखी थोडं. पण मग मला गोड बोलायला लावू नका. दुखलं तर मी दुखलं म्हणणार, तोंडावर.”

बाकीच्या लगेच तयार झाल्या असं नाही. हूचा राग अजून आहे. ती येणार नाही म्हणते, आणि ते बरोबरच आहे.

अभ्यास चालू असेपर्यंत गुरुवारी मी कुणाला सुई लावणार नाही, हे माझं वचन. मामी म्हणते, डौह्वा बंद होणार नाही. मी म्हटलं, त्याने आकडे बिघडतील. ती म्हणाली, “खऱ्यांना देईन तेवढाच खोट्यांना देईन. मग कशाला बिघडतील?” तुझ्या गू सरांना विचार.

मामा


चेंगदू, ९ डिसेंबर

मामा, नमस्कार.

गू सर म्हणाले, मामीला संस्थेत घ्यायला हवं.

मधल्या काळात पत्र लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. ऑक्टोबरच्या सभेत गू सर उभे राहिले आणि म्हणाले, आमचा अभ्यास फुकट गेला, कारण आमचे रुग्ण आमच्याशी फार सभ्यपणे वागले आणि आम्ही त्यांच्याशी तितके वागलो नाही. मागच्या रांगेत काही जण हसले. विभाग यंदा निघत नाही. पुढच्या वर्षी निघेल असंही कुणी म्हटलेलं नाही. औषधांच्या प्रयोगशाळेतली माझी बदली मंजूर होऊन आली होती, ती मी परत केली. आता ना इकडची, ना तिकडची. दवाखान्यातली ती खोली मात्र हिवाळाभर वापरायला दिलीये.

या वेळी प्रत्येकीला आधी सांगितलंय की सुई खरी असेल किंवा खोटी. तिसऱ्या गटाला सुईच नाही, त्यांनी थांबायचं, मग त्यांना खरी सुई मिळणार. आणि डोक्याचं काय झालं हे मी विचारायचं नाही. ते पडद्यापलीकडे मेइ विचारते. मेइ म्हणजे इथली परिचारिका, जिच्याशी भांडायला मुकादमही घाबरतो. तिला चिठ्ठ्यांतलं काही ठाऊक नाही, आणि तिला बिया चालत नाहीत.

काल श्यांगझेनबाईंचा नंबर होता. मी पडद्याच्या अलीकडे सुया उकळायला टाकत होते. पलीकडून ऐकू आलं.

“कसं आहे?” मेइ म्हणाली.

“काय कसं? वाईट आहे. परवा दोनदा ओकले. तीन धागे तुटले.”

“सुईने काही फरक?”

“काडीचा नाही. असंच लिहा. ‘काडीचा’ लिहिलंत का? दाखवा.”

मामा, मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि तोंडावर हात धरून हसले. एवढ्या महिन्यांत मला कुणी दिलेलं हे पहिलं उत्तर आहे. तेवढ्यात आठवलं की आत एक बाई खरोखर दुखण्याने हैराण आहे आणि मी इथे हसतेय, मग परत आत गेले. त्या कुठल्या गटात आहेत ते सांगणार नाही. मुकादमाशी मात्र मी बोलले. हिवाळाभर तुटलेल्या धाग्यांवरून कुणाला गोदामात टाकायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. मेइ शेजारी उभी होती, म्हणून लवकर कबूल झाला.

सुई चालते की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. पण आता कळू शकेल. तुम्ही तुमच्या ओसरीत कधी कुणाला असं विचारून बघितलंय का?

रोंग


शिदू, २१ डिसेंबर

रोंग, आशीर्वाद.

बघितलं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लुओ आजी आल्या. चहाच्या दुकानाच्या मालकाची आई. टाळूचं दुखणं, वाट यकृताची, सुई पावलावर. कित्येक वर्षं दर महिन्याला येतात. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी त्यांचं उदाहरण देतो, इतकं ते प्रकरण मला स्वच्छ वाटतं.

सुई काढली आणि म्हटलं, “आजी, आज खरं सांगा. मी रागावणार नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“तुमच्या बायकोला जरा आत पाठवा.”

मामी आत गेली. अर्थात दाराआड उभी राहिली.

“दुखतं,” आजी म्हणाल्या. “दुखायचं कधी थांबलंच नाही.”

“मग मला दर वेळी गेलं म्हणून का सांगत होतात?”

“मी कुठे सांगत होते? तुम्ही सुई काढायचात आणि म्हणायचात, ‘गेलं ना?’ असं विचारल्यावर माणूस काय बोलणार?”

मी सुया पुसायला लागलो. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं, म्हणून माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, “तसं टाळूला कधी दुखत नव्हतंच. इथे दुखतं.” आणि डाव्या कानामागे बोट नेलं.

“पण मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, कुठे दुखतं!”

“विचारलं होतंत. विचारता विचारता तुमचं बोट माझ्या टाळूवर होतं. मी मान हलवली.”

मामी दाराआड हसली, ते आम्हा दोघांना ऐकू आलं.

रोंग, माझी झोप उडाली वगैरे नाही, पण चहा मात्र पार निवला. मला राहून राहून वाटतंय की आणखी किती जणांच्या डोक्यावर मी बोट ठेवलं असेल. उद्या आजी पुन्हा येणार आहेत, मीच बोलावलं आहे. अगदी पहिल्यापासून विचारणार आहे. कुठे, केव्हापासून, कसं. आणि विचारताना दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहणार आहे.

मामा